रेवस की रेवदंडा?

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू. अलिबागच्या एसटी स्टँडवर दोन गाड्या उभ्या आहेत. एकीच्या पाटीवर लिहिलंय ‘रेवस’, दुसरीच्या पाटीवर ‘रेवदंडा’. रेवस उत्तरेला, रेवदंडा दक्षिणेला. तुम्हांला जायचंय आक्षीला, आणि आक्षी आहे रेवदंड्याच्या वाटेवर. मग कोणत्या गाडीत बसाल?

‘हे काय कोडं झालं?’ म्हणून हसलात ना? हसा, हसा. पण आम्ही दोघं मात्र चुकलो! आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. आणि खरं सांगू? त्या चुकीमुळेच आमची चार दिवसांची सहल लक्षात राहिली.

भाचा सहावीत आहे. घरात त्याला सगळे भाचेराव म्हणतात. क्रिकेटमध्ये पटाईत, गणितात बरा, पण पुस्तक दिसलं की त्याला तहान लागते, भूक लागते, पोटसुद्धा दुखतं. एकदा वर्गात मोठ्यानं वाचताना ‘स्वातंत्र्यसैनिक’ हा शब्द आला आणि साहेबांची गाडी तिथंच अडली. स्वा... स्वात... स्वातं... वर्गातली मुलं फिदीफिदी हसली. त्या दिवसापासून त्यानं एक युक्ती शोधून काढली. शब्दाची पहिली एक-दोन अक्षरं वाचायची आणि बाकीचा शब्द ठोकून द्यायचा! ‘वाडा’ला ‘वारा’, ‘सकाळ’ला ‘सकस’. अर्थ लागेनासा झाला, म्हणून वाचण्यात गंमत राहिली नाही. गंमत नाही म्हणून वाचन नाही. आणि वाचन नाही म्हणून आणखी अडखळणं. असं ते चक्र चाललं होतं. त्याची आई, म्हणजे माझी ताई, अगदी मेटाकुटीला आली होती.

नाताळच्या सुटीत मी त्याला म्हटलं, “चल माझ्याबरोबर अलिबागला. चार दिवस एकही पुस्तक उघडायचं नाही. पण एक अट आहे. मी चष्मा काढून ठेवणार. वाटेत दिसेल ती पाटी, तिकीट, फलक, सगळं तू वाचून सांगायचंस.”

“एवढंच?” भाचेराव खूश झाले.

भू... चुं... ब... कत्व!

मुंबईहून अलिबागला जाण्याची खरी मजा पाण्यावरून. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच सुटते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मोठी रो-रो बोटही चालते. तिच्या पोटात मोटारीसुद्धा चढतात! आम्ही लाँचनं निघालो. सीगल पक्षी मागं लागले होते. भाचेरावांनी लाइफ जॅकेटची सूचना वाचून दाखवली, शौचालयाची पाटी वाचली आणि वडापावचा भाव तर न अडखळता वाचला. मांडव्याहून बसनं अलिबाग गाठलं. तिथं माझी मावशी राहते. तिच्याकडेच आमचा मुक्काम होता.

संध्याकाळी फिरायला निघालो. अलिबागला एक जगप्रसिद्ध वेधशाळा आहे, पण ती चांदण्या बघत नाही. ती पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते. पूर्वी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं, १८४१ सालापासून. पुढं मुंबईत विजेवरच्या ट्रॅम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहामुळं नाजूक यंत्रांच्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून शास्त्रज्ञांनी शांत जागा शोधली आणि १९०४मध्ये अलिबागला वेधशाळा सुरू केली. तिच्या खास इमारती लोखंड न वापरता बांधल्या, बरं का! लोखंड असतं तर चुंबकसूचीनं पृथ्वीचं सोडून त्या खिळ्यामोळ्यांचंच ऐकलं असतं.

‘भूचुंबकत्व’ या शब्दाशी भाचेराव अडलेच. मी म्हटलं, “घास मोठा आहे. तोडून खा.” मग भू, चुंबक, त्व. तीन घासांत शब्द पोटात गेला.

“मामा, इथले लोक रोज काय करतात?”

“रोज थोडं थोडं वाचतात. पुस्तक नाही, यंत्र. एक दिवस वाचून काही कळत नाही. शंभराहून अधिक वर्षं रोजच्या नोंदी साठल्या, म्हणून जगाला त्यांचा उपयोग झाला.”

भाचेरावांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं. मामा उपदेश करतोय की काय! मी पटकन भेळवाल्याकडं वळलो.

अर्धी पाटी, पूर्ण फजिती

दुसऱ्या दिवशी आम्हांला आक्षीला जायचं होतं. स्टँडवर ही गर्दी! भाचेराव पुढं धावले आणि ओरडले, “मामा, रेवदंडा! चढा लवकर!” मी चढलो. गाडी सुटली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत येईतो बराच वेळ गेला. मी म्हटलं, “दोन आक्षी द्या.”

कंडक्टरनं आमच्याकडं पाहिलं. “आक्षी? अहो, ही रेवस गाडी! पाटी वाचली नाही का?”

आजूबाजूची माणसं हसली. वाईट नाही हसली, पण हसली. भाचेरावांचे कान लाल झाले. त्यानं ‘रेव’ वाचलं होतं आणि पुढचं ठोकून दिलं होतं. वर्गातलं ते हसणं त्याला पुन्हा ऐकू आलं असणार. तो खिडकीकडं तोंड करून बसला.

चोंढीला आम्ही उतरलो. मी म्हणालो, “चूक माझीपण आहे. चष्मा पिशवीत होता. तो काढून पाटी बघायचा मी आळस केला.” तो काहीच बोलला नाही.

आमच्याबरोबर एक कोळीण मावशी उतरल्या होत्या. डोक्यावर रिकामी पाटी, हातात कापडी पिशवी. त्या भाचेरावांजवळ आल्या आणि म्हणाल्या, “कशाला रडतोस, बाळा? तू दोन अक्षरं तरी वाचलीस. मला तर एकपण येत नाय. रोज कुनाला तरी इचारते, ही गाडी कुठं जाते, म्हनून. कुनी सांगतात, कुनी वसकन अंगावर येतात.”

मग त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. “एवढं बघ जरा काय लिवलंय. माझ्या पोरीनं सांगितलेलं, पन तारीख इसरले.”

भाचेरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी मुद्दामच दुसरीकडं बघत उभा राहिलो. त्यानं कागद हातात घेतला आणि सुरुवात केली. “मो... मोफत... ने... नेत्र... त... पा... नेत्रतपासणी... शि... शिबिर.” प्रत्येक शब्द शेवटपर्यंत. एकही ठोकून दिला नाही. पुढं वार होता, तारीख होती, वेळ होती. सोबत जुना चष्मा आणावा अशी सूचनाही होती. त्यानं तीसुद्धा वाचली आणि तारीख दोनदा सांगितली.

मावशी हरखल्या. “म्हंजे परवाच की! बरं झालं बाबा, न्हाईतर गेली असती तारीख निघून.” त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. त्या हाताला मासळीचा वास होता. एरवी नाक मुरडणारे भाचेराव त्या दिवशी ताठ मानेनं उभे होते.

परतीच्या गाडीची पाटी त्यानं जवळ जाऊन, बोट ठेवून वाचली. अ-लि-बा-ग. शेवटच्या ‘ग’पर्यंत.

हजार वर्षांपूर्वीची पाटी

दुपारी अखेर आक्षी गाठली. सुरूची बनं, नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि वाडीतल्या रहाटाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं. पण आम्ही आलो होतो एका दगडाला भेटायला.

हा आक्षीचा शिलालेख. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांपैकी एक. त्यावरचं साल शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असं वाचलं गेलं आहे. हजार वर्षांपूर्वीचा दगड! तेव्हा कोकणावर शिलाहार राजे राज्य करत होते. लेखात केशिदेवराय राजाचं नाव आहे, त्याच्या प्रधानाचं नाव आहे आणि देवीसाठी दिलेल्या धान्याच्या दानाची नोंद आहे. आणि लेखाची सुरुवात कशी आहे, माहीत आहे? जगात सुख नांदो, अशा अर्थाच्या शब्दांनी! अशा दगडांवर सूर्य-चंद्र कोरलेले असतात. का बरं? आकाशात सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान चालू राहो, म्हणून. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही ते चित्र कळायचं.

हा मौल्यवान दगड कितीतरी वर्षं रस्त्याकडेला दुर्लक्षित होता. आता कुठं त्याची कदर होऊ लागली आहे.

भाचेराव गुडघ्यांवर बसून अक्षरं शोधू लागले. अक्षरं झिजलेली, वळणं वेगळी. “मामा, हे काहीच वाचता येत नाही!”

“कुणालाच पटकन येत नाही,” मी म्हटलं. “मोठमोठे अभ्यासक इथं येऊन बसले. ठसे घेतले, भिंगानं पाहिलं, एकेका अक्षरापाशी दिवस दिवस अडले. अमुक अक्षर कोणतं, अमुक आकडा कोणता, यावर त्यांनी वाद घातलेत. अगदी सालाबद्दलसुद्धा एकमत नाही.”

“म्हणजे तेपण अडखळत वाचतात?”

“हो तर!”

“आणि त्यांना कुणी हसत नाही?”

“हसत नाही. उलट अडलं तिथं न थांबता जो ठोकून देतो, त्यालाच हसतात.”

तो बराच वेळ गप्प होता. मग पुन्हा वाकून एकेक वळण न्याहाळू लागला. उन्हं कलली, तिरपा प्रकाश दगडावर पडला आणि खाचा जरा ठळक झाल्या. “मामा, हा ‘र’ असेल का?” असेल किंवा नसेलही. पण दोस्तांनो, अक्षर ओळखण्यासाठी एवढा खटाटोप करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो.

कालनिर्णयात लपलेला समुद्र

तिसऱ्या दिवशी बेत होता कुलाबा किल्ल्याचा. हा किल्ला अलिबागच्या समोर भर पाण्यात उभा आहे. भरतीला तो बेट होतो, ओहोटीला मात्र पायी जाता येतं. म्हणजे वेळ चुकली की एक तर जाणं नाही, नाहीतर येणं नाही!

“मग भरतीची वेळ कळणार कशी?” भाचेरावांनी विचारलं.

मावशीआजीनं स्वयंपाकघरातल्या भिंतीकडं बोट केलं. तिथं कॅलेंडर लटकत होतं. “वाच, उद्या तिथी कोणती?”

भाचेराव स्टुलावर चढले. “सं... कष्ट... चतु... संकष्ट चतुर्थी.”

“म्हणजे चौथी तिथी. आता चाराची पाऊणपट कर.”

गणितात भाचेराव बरे आहेत हे मी सांगितलंच आहे. “चार त्रिक बारा, भागिले चार. तीन!”

“म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. सकाळी नऊला पाणी सर्वांत कमी. आठला निघा, दहाच्या आत किल्ल्यातून परत फिरा.”

कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं. भरती रोज साधारण पाऊण तास पुढं सरकते, त्यातून हा हिशेब निघाला. पण सांभाळा हं! हा अंदाज आहे, आणि आपल्याकडच्या किनाऱ्यापुरताच आहे. पाण्यात उतरण्याआधी तिथल्या माणसांना विचारायचं, दिलेल्या वेळा वाचायच्या. अष्टमीच्या आसपास ओहोटीलाही पाणी फारसं उतरत नाही, आणि पावसाळ्यात तर हा विचारसुद्धा नको. आम्हीही सकाळी घोडागाडीवाल्या काकांना विचारूनच पाऊल टाकलं. त्यांनी सांगितलेली वेळ आणि भाचेरावांचा हिशेब जवळजवळ जुळला. तेव्हा त्याचा चेहरा बघायला हवा होता!

ओल्या वाळूतून, खडकांवरून, घोट्याएवढ्या पाण्यातून आम्ही किल्ल्यात शिरलो. शिवाजी महाराजांनी १६८० साली याचं काम सुरू करवलं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढं आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. तटाचे चिरे बघा, मोठमोठे आणि चुन्याशिवाय एकमेकांवर रचलेले. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथंच मोडतो. आत गणपतीचं देऊळ आहे. चहूकडं खारं पाणी असूनही इथं गोड्या पाण्याचं तळं आहे.

तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. भाचेराव सवयीनं त्यांच्याजवळ वाकले. आता त्यांना सांगावं लागत नव्हतं. “मामा, इंग्रजी आहे! डॉ... डॉसन... हार्डी... फील्ड. लो मूर आयर्नवर्क्स. यॉर्कशायर. इंग्लंड!” तो उभा राहिला. “म्हणजे ही मराठ्यांची तोफ नाहीच! इंग्लंडच्या कारखान्यातून आली!”

आमच्या शेजारून एक मोठा घोळका ‘आंग्र्यांच्या तोफा’ म्हणत, फोटो काढत पुढं गेला. तोफेवर नाव कोरलेलं होतं, पण ते वाचलं कुणी? सहावीतल्या एका मुलानं!

दहाला दहा मिनिटं असताना तोच म्हणाला, “चला मामा. पाणी आपल्यासाठी थांबणार नाही.”

एकच गोष्ट, चार भाषा

चौथ्या दिवशी आम्ही रेवदंड्याला गेलो. गाडी कोणती, ते विचारूच नका. पाटी तीनदा वाचून झाली होती!

रेवदंडा आणि चौल ही जुळी गावं. चौल हे फार जुनं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी समुद्र ओलांडून इथं उतरला. त्यानं जे पाहिलं ते लिहून ठेवलं, म्हणून साडेपाचशे वर्षांनंतरही जग ते वाचतं. त्याच्या आठवणीसाठी रेवदंड्यात एक काळा स्तंभ उभारला आहे. त्यावर त्याची माहिती चार भाषांत आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि रशियन. भाचेरावांना तर खेळच सापडला. मराठीत अडलेला शब्द हिंदीत शोधायचा, हिंदीतला इंग्रजीत. रशियन अक्षरांपुढं मात्र आम्ही दोघंही सारखेच अडाणी!

पलीकडं कुंडलिकेच्या खाडीजवळ कोर्लई गाव आणि किल्ला आहे. किल्ल्यात पोर्तुगीज शिलालेख दिसतात. १७४०मध्ये पोर्तुगीज इथून गेले, पण गावातली काही कुटुंबं अजूनही पोर्तुगीजमधून जन्मलेली एक वेगळी बोली घरात बोलतात. तिला ती ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. ही बोली पुस्तकांत नाही, माणसांच्या तोंडात जगली. किती जपून ठेवली असेल त्यांनी!

आता तुमची पाळी

तुम्हांला वाटेल, भाचेराव आता दिवसरात्र पुस्तकं वाचत असतील. छे! तसं काही झालेलं नाही. तो अजूनही अडखळतो, मोठा धडा बघून तोंड वाकडं करतो. पण आता ठोकून देत नाही. घास तोडून खातो. घरच्या कॅलेंडरवर तिथी बघून तो आईला भरतीची वेळ सांगतो. शेजारच्या आजोबांच्या औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून देतो. आणि एक छोटी वही त्यानं केली आहे. दिसलेला अवघड शब्द त्यात उतरवायचा आणि त्याचे तुकडे पाडायचे. पहिल्या पानावर दोनच शब्द आहेत : रेवस, रेवदंडा.

तुमच्यापैकी कुणाला वाचायचा कंटाळा येत असेल, तर लगेच जाडजूड पुस्तक घेऊ नका. घराबाहेर पडा. बसच्या पाट्या, दुकानांची नावं, होड्यांवर रंगवलेली नावं, देवळातल्या देणगीदारांच्या फरश्या, सगळं वाचा. एखाद्याला काही वाचून हवं असेल तर वाचून द्या. आणि कुणी अडखळत वाचत असेल, तर कृपा करून हसू नका.

आई-बाबा, तुम्हांलाही दोन शब्द. मूल वाचत असताना प्रत्येक चुकीला टोकू नका. एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. अडलं तर मनात पाच आकडे मोजा, मग मदत करा. वाचल्यावर ‘कळलं का?’ म्हणून परीक्षा घेण्यापेक्षा वाचल्याचा काही उपयोग होऊ द्या. किराणा मालाची यादी त्याच्या हाती द्या, गाडीचं वेळापत्रक त्याला बघू द्या. चूक झाली तर एखादी गाडी चुकेल, एवढंच ना?

आमची चुकली होती. पण ती चुकली नसती, तर चोंढीच्या थांब्यावरच्या त्या मावशींना तारीख कुणी वाचून दाखवली असती?